रोटरी, फॉइल आणि उरल्याची काळी धूळ

रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला खेटून असलेल्या उरल्यात माणसाची दाढी ही त्याची खासगी बाब राहत नाही. रोलिंग मिल, इंडक्शन फर्नेस, फेरो अलॉयचे कारखाने, आणि पलीकडे सिलतऱ्याला स्पंज आयर्न. गच्चीवर वाळत टाकलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत कोणत्या रंगाचा होतो, ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. या धुळीत काम करायचं तर मास्क हवा, आणि रबरी कडेचा मास्क नीट बसायचा तर कडेखालची कातडी साफ हवी. दोन-तीन दिवसांचे खुंट असले की कड त्यांच्यावर तरंगते आणि धूळ बाजूच्या फटीतून आत शिरते. गाळणीवर कितीही पैसे घाला, हवा सोपी वाट शोधणारच. म्हणून गेटवरचा सुरक्षा अधिकारी हेल्मेटच्या आधी गालाकडे बघतो, आणि उशीर झालेला माणूस सायकल स्टँडच्या मागे उभा राहून बॅटरीच्या मशीननं दाढी उरकतो.

मी याच भागातल्या एका री-रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला होतो. मेंटेनन्सच्या केबिनमध्ये मिलच्या मशिनरीखेरीज काय काय येतं हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. मिक्सर, कुलरचा पंप, साहेबांच्या पोराची रिमोटवाली गाडी. त्यातच शेव्हर येऊ लागले. ठेकेदाराच्या हेल्परपासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे. दुकानात शेव्हरचं खोकं दिसतं. आमच्या टेबलावर त्याचं पोट दिसायचं.

पोटं दोनच प्रकारची. फॉइलवाल्यात वर निकेलची पातळ जाळी, आणि तिच्याखाली पात्यांची ओळ डावी-उजवीकडे थरथरत राहते. केस जाळीच्या भोकातून आत डोकावला की कापला जातो. रोटरीवाल्यात दोन किंवा तीन गोल टोप्या, टोपीत बारीक फटी, आणि खाली गरगर फिरणारी पाती. फॉइलचा हात सरळ चालवायचा, दाढीच्या उलट्या दिशेनं. रोटरी गोल गोल फिरवायची. आमच्या फिटरनं दोन्ही उघडून पाहिल्यावर एका वाक्यात निकाल दिला होता, “एक पंखा है, एक जाळीवाला आरा है.” पुढची सगळी भांडणं या एका फरकातून निघतात.

इतिहास आमच्या केबिनमध्ये कुणाला ठाऊक नव्हता, पण तो मजेदार आहे. दाढीची विजेची मशीन बाजारात चालवून दाखवली ती जेकब शिक या अमेरिकन लष्करी माणसानं, 1931 मध्ये. फिलिप्सचा अलेक्झांडर होरोविट्झ या अभियंत्यानं पाती सरळ हलवण्याऐवजी फिरवली आणि 1939 मध्ये एका डोक्याचं फिलिशेव्ह आलं. दुसरं डोकं 1951 ला, तिसरं 1966 ला. जर्मनीत ब्राउननं 1950 मध्ये जाळीवालं मशीन काढलं. म्हणजे बाजारात आज जे दोन तट दिसतात ते मुळात हॉलंड आणि जर्मनीचे. जपान मागाहून जाळीच्या बाजूनं उतरला. उरल्यातला वाद मात्र देशाचा नव्हता, शिफ्टचा होता.

पहाटेच्या ए शिफ्टवाले फॉइलच्या बाजूचे. का? कारण ते रोज दाढी करणारे. आमचा गेटवरचा सुरक्षा रक्षक फौजेतून निवृत्त झालेला. पहाटे साडेचारला त्याच्या केबिनमधून जाळीचा तो बारीक किणकिण आवाज यायचा आणि लाइटखाली गाल चकाकायचा. एक दिवसाचे खुंट जाळीच्या भोकात सरळ घुसतात, त्यामुळे फॉइलची दाढी गुळगुळीत होते. सी शिफ्टवाल्यांचं तसं नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस आधी झोपतो, मग दाढी. आज राहिली, उद्या राहिली, तिसऱ्या दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याची नजर पडली की धावाधाव. तीन दिवसांची दाढी आडवी पडलेली असते, हनुवटीखाली तर भोवऱ्यासारखी वळते. ती जाळीच्या गोल भोकात जात नाही, तिच्यावरून घसरत राहते. रोटरीच्या लांबट फटींना असे केस सापडतात. म्हणून सी शिफ्ट रोटरीच्या बाजूची. दोघंही आपापल्या मशीनची शपथ घेऊन सांगायचे, आणि दोघंही खरं बोलत होते.

यात कॅलेंडर आणखी घोळ घालतं. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही, असं मानणारी मंडळी मिलमध्ये भरपूर. रोज दाढी करणाऱ्या माणसाचेही आठवड्यातून तीन वार असे गळाले की तो आपोआप दोन दिवसांचा गडी होतो. घरात कुणी गेलं तर दहा दिवस. आणि नवरात्रात तर विचारूच नका. डोंगरगडच्या बमलेश्वरीला पायी जाणारे निम्मे लोक आमच्या मिलचेच आहेत की काय असं वाटावं. नऊ दिवस वस्तऱ्याला शिवायचं नाही. दसऱ्यानंतर पहिल्याच सकाळी सगळे एकदम मशीन लावतात, आणि मग मेंटेनन्सच्या दारात रांग. रोलच्या स्टँडवरचा एक छत्तीसगढी हेल्पर गाल धरून आला, “साहेब, मशीन ह दाढ़ी ला तीरत हे.” मशीन दाढी ओढतंय. ओढणारच. नवरात्राची दाढी फॉइलला तर नाहीच, रोटरीलाही थेट झेपत नाही. आधी ट्रिमरनं खाली आणायची, मग मशीन. दर दसऱ्याला हे सांगायचं आणि पुढच्या दसऱ्याला रांग तीच.

आता जाळीविषयी. मिलमध्ये जाडी सूतात मोजतात. अडीच सूत म्हणजे आठ मिलिमीटरची सळई, तीन सूत म्हणजे दहाची. अडीच सुताखाली आमचं माप जात नसे. आमचा रोल टर्नर, जो लेथवर रोलचे पास खोदायचा, तो या शेव्हरच्या टवाळीत कधी पडला नाही. एकदा मात्र माझ्या टेबलावरची सुटी जाळी त्यानं उचलली, खिशातला रुमाल काढून बोटं पुसली आणि ती मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली. रॅचेट अगदी हलकं, दोन टिचक्या. आकडा 50 ते 60 मायक्रॉनच्या मध्ये. त्यानं पुन्हा शून्य तपासलं, पुन्हा लावलं, तेच. आमच्या सगळ्यात बारीक सळईच्या साधारण दीडशेव्या हिश्शाची ती वस्तू, आणि तिला शेकडो भोकं, एकालाही कड आलेली नाही. “हे कापलंय कशानं?” तो म्हणाला. कापलेलं नसतंच ते. निकेलच्या द्रावणात, भोकांच्या जागा झाकलेल्या साच्यावर विजेनं धातूचा थर चढवत जातात आणि मग तो अलगद सोडवून घेतात. प्लेटिंगवाल्यांचं काम, फक्त इथे मुलामाच वस्तू होतो. हे ऐकल्यावर त्यानं जाळी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, आणि पुढे कुणी फॉइलच्या मशीनवर हात साफ करायला लागला तर पहिला आरडाओरडा तोच करायचा.

त्याला कारणही घडलं. आमच्याकडे कॉम्प्रेसरची लाइन सहा किलोवर चालायची. एका हेल्परनं साहेबांच्या शेव्हरमधली केसांची भुकटी उडवायला ती नळी जाळीवर धरली. मशीन स्वच्छ झालं. जाळीही गेली. ती फाटली हे नुसत्या डोळ्यांना दिसेना, साहेबांना गालावर कळलं. तेव्हापासून टेबलावर नियम झाला. फॉइलचं मशीन आलं की आधी जाळी काढून ट्यूबलाइटसमोर धरायची. भोकांच्या ओळींत एखादं भोक मोठं, लांबुळकं दिसलं तर तिथे पातं थेट कातडीला लागणार. असं मशीन कितीही चांगलं चालू असो, जाळी बदलेपर्यंत वापरायचं नाही. रोटरीच्या टोप्यांचा पत्रा जाड असल्यानं त्यांना ही भीती कमी. हात धसमुसळा असेल, मशीन टूलबॉक्समध्ये पान्याशेजारी पडून राहणार असेल, तर रोटरी घ्यावी, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

मात्र रोटरीचंही एक गुपित आहे, आणि ते दुकानदार कधी सांगत नाही. मिलच्या मेसमध्ये वर्षाकाठच्या शटडाऊनला बाहेरगावचे फिटर येऊन राहायचे. एका सकाळी मेसच्या पोरानं फार मनापासून काम केलं. बाथरूममधली चार रोटरी मशीनं उघडली, सगळ्यांच्या टोप्या आणि पाती एका तसराळ्यात काढली, साबणानं घासून, उन्हात वाळवून पुन्हा बसवली. नवी दिसत होती. दुसऱ्या दिवशी चारही फिटर माझ्या केबिनमध्ये. एकाचं मशीन ओढतंय, दुसऱ्याचं तापतंय, तिसऱ्याचं अर्धी दाढी सोडतंय. चौथा काही बोलला नाही, त्याचा गाल बोलत होता. बॅटऱ्या ठीक, मोटरी ठीक, पात्यांना धार. मी चक्रावलो होतो, पण त्यांच्यातला एक डिझेल इंजिनवाला होता. त्यानं भिंगाखाली एक टोपी धरली, आतल्या बाजूची चकाकती वर्तुळं पाहिली, मग त्याच मशीनचं पातं पाहिलं आणि म्हणाला, “लॅपिंग जुळत नाहीये.”

तेच होतं. इंजिनात वाल्व आणि त्याची सीट एकमेकांवर घासून बसवतात. या सीटचा वाल्व त्या सीटवर टाकला की गळती. रोटरीत प्रत्येक पातं आपल्या टोपीवर फिरून फिरून तिच्याशी जुळलेलं असतं. दोघांची जोडी ठरलेली. म्हणून चांगल्या कंपन्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं, की एका वेळी एकच जोडी काढा, धुवा, परत बसवा, मग दुसरी. अदलाबदल झाली तर पूर्वीसारखी दाढी व्हायला काही आठवडे लागतील. पुस्तिका वाचतो कोण? ती खोक्यातच राहते आणि खोकं माळ्यावर. चार मशीनं, बारा टोप्या, बारा पाती. जोड्या शोधायच्या म्हणजे प्रत्येक टोपीच्या घासणीची पट्टी पात्याच्या पट्टीशी ताडून बघायची. डिझेलवाल्यानं शटडाऊनचं काम सोडून दुपार त्यावर घालवली आणि निम्म्याहून जास्त जुळवल्या. उरलेल्यांनी आपलं आपण नव्यानं घासून जुळवून घेतलं, मालकांच्या गालाच्या खर्चानं. मेसच्या पोराला कुणी रागावलं नाही. पुढे तो शेव्हर दिसला की हात मागे बांधून उभा राहायचा.

उरल्याची धूळ दोन्ही मशीनांना सारखीच खाते, फक्त वाट वेगळी. ही नुसती माती नाही, हिच्यात लोखंड आहे. तोंड न धुता मशीन फिरवलं की ती जाळीवर सँडपेपरसारखी घासते, त्यामुळे इथे फॉइल कंपनीनं सांगितलेली मुदत क्वचितच गाठतं. साधारण दीड वर्षात जाळी-पाती बदला म्हणतात, रोटरीच्या टोप्या दोन वर्षांनी. उरल्यात त्याच्या आधीच तक्रार येते. आणि मोटरमध्ये असतं चुंबक. सील शाबूत असेल तोवर ठीक. एकाचं स्वस्तातलं फॉइल मशीन “जोर कमी झाला” म्हणून आलं, उघडलं तर रबराचं सील कडक होऊन चिरलेलं, आणि चुंबकावर लोखंडाच्या भुकटीचे काळे केस ताठ उभे. मशीनलाच दाढी फुटली होती. ब्रशनं ती हलेना, हवेनं उडेना. शेवटी चिकटपट्टी लावून लावून उपटली. कारखान्यातून घरी आल्यावर आधी तोंड धुवा, पुसून कोरडं करा, मग दाढी, हा सल्ला मी तेव्हापासून फुकट देतो. मे महिन्यात आणखी एक पुरवणी. रायपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा घरोघर पाण्याचे कुलर, हवा दमट, कातडी चिकट. चिकट कातडीवर मशीन अडखळतं. आंघोळीच्या आधी, कुलरपासून लांब, गालाला थोडी टाल्कम पावडर लावून करा. हे मला तात्यापाऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मराठी गृहस्थांनी सांगितलं होतं, ज्यांनी परदेशातून आलेलं दोन डोक्यांचं फिलिशेव्ह आयुष्यभर सांभाळलं.

विजेवरून झालेला एक किस्सा इलेक्ट्रिकल विभागाचा आहे, पण हसलो आम्हीही. फोरमनच्या भाच्यानं अमेरिकेहून केस कापायचं जाडजूड मशीन आणलं, थेट वायरीवर चालणारं. 110 व्होल्टचं होतं म्हणून इलेक्ट्रिशियननं स्टोअरमधला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर जोडला, मीटर लावून 110 दाखवले आणि बटण दाबलं. मशीन असं खडखडलं की टेबलावरचे चहाचे ग्लास हलले. सगळे व्होल्टेजकडे बघत होते, दोष फ्रिक्वेन्सीत होता. अशा मशीनमध्ये फिरणारी मोटर नसते. विजेचा लोहचुंबक पात्याच्या दांडीला खेचतो आणि स्प्रिंग परत ढकलते, विजेच्या लाटेबरोबर. अमेरिकेत वीज सेकंदाला 60 आवर्तनांची, आपल्याकडे 50. दांडी आणि स्प्रिंग 60 साठी साधलेली, त्यामुळे 50 वर ती आपटत राहते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तनं नाही. ब्राउनची जुनी वायरवाली फॉइल मशीनं अशीच विजेच्या लाटेवर थरथरणारी होती, तर फिलिप्सच्या जुन्या रोटरीत ब्रशवाली फिरती मोटर, तिला फ्रिक्वेन्सीचं सोयरसुतक नव्हतं. आजच्या बॅटरीवाल्या मशीनांना हा प्रश्नच नाही, चार्जर 100 ते 240 व्होल्ट काहीही खातात. पण मामाच्या पेटीतून निघालेलं जुनं मशीन लावण्याआधी खालची पट्टी वाचा. नुसते व्होल्ट नका वाचू.

आता खरेदीचा मुद्दा, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. मी कुणाला कंपनी सांगत नाही. बदली जाळी किंवा टोप्या तुमच्या गावात मिळतात का, हे आधी विचारा म्हणतो. त्यांची किंमत बघून माणूस हबकतो, कधी कधी नव्या मशीनच्या निम्मी. मग कुणीतरी स्वस्तातली “सेम टू सेम” जाळी आणतो. अशी एक माझ्या टेबलावर आली होती. ट्यूबलाइटसमोर धरली तर भोकांच्या कडा दातेरी. रोल टर्नरनं मायक्रोमीटर काढायचीही तसदी घेतली नाही. नखानं टोकरली आणि बाजूला सारली. आणि नवं मशीन, रोटरी असो की फॉइल, पहिल्या दिवशी वाईटच दाढी करतं. कातडीला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. रेझरची सवय असलेला माणूस चौथ्याच दिवशी मशीन परत करायला निघतो, तिथे अर्धे सौदे बिघडतात.

निवृत्त झालो तरी सल्ल्याची दुकानदारी चालूच आहे. गेल्या गणपतीत चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आरती झाल्यावर उरल्यातल्याच एका कारखान्यात लागलेला तरुण इंजिनिअर मला गाठून म्हणाला, “काका, रोटरी बरी की फॉइल?”

“दाढी रोज करतोस का?”

“सुरक्षा अधिकाऱ्याला सांगतो ते सांगू की खरं सांगू?”

“म्हणजे रोटरी.”

“पण काका, दिवाळसणाला सासऱ्यांनी फॉइलच दिलंय. तीन जाळ्यांचं, महागातलं. खोकं अजून फोडलेलं नाही.”

“मग बदलून आण की. बिल मागून घे.”

तो प्रसादाचा द्रोण हातात धरून घुटमळला. “सासरे स्वतः तेच वापरतात. रोज पहाटे पाचला. फोन आला की पहिला प्रश्न, कसं चाललंय मशीन.”

असल्या केसला मेंटेनन्समध्ये एकच उपाय असतो, जोडकाम. साधा ट्रिमर घे म्हटलं. दोन दिवस राहिले की आधी तो फिरव, मग सासऱ्यांचं मशीन. तोंड धुऊन, कोरडं करून. जाळी महिन्याला एकदा उजेडात धर. आणि फोन आला की उत्तर आधीपासून तयार ठेव.

“काय सांगू?”

“एकदम मक्खन.”